पेरलेली माणसं

बसा हो, इथंच बसा पायरीवर. आत माइकवाला अजून ‘हॅलो हॅलो’ करतोय, म्हणजे अवकाश आहे. आत खुर्च्या मोकळ्या आणि ही एवढी माणसं जिन्यात का बसलीत, हे कोडं तुमच्या तोंडावरच दिसतंय. सांगतो. अशी गोष्ट सांगतो की कार्यक्रम बेकार निघाला तरी फेरी फुकट गेली असं वाटायचं नाही. तुम्ही फक्त मध्ये मध्ये ‘हं’ म्हणा. नाहीतर मला वाटतं माणूस झोपला.

दाजींचं जाणं, प्रेस विकणं, दोघा भावांचं फाटणं, ते सगळं होऊन गेलं, परत उगाळत नाही. आजच्यापुरतं एवढं पुरे की दाजी म्हणजे माझ्या आक्काचा नवरा, पुस्तकं काढायचे. त्यांच्या मागं थोरल्यानं धंदा सांभाळला, त्याला आम्ही मालक म्हणतो. धाकटा भांडून मोठ्या प्रकाशन कंपनीत गेला, तिथं त्याला काचेची केबिन मिळाली, म्हणून तो साहेब. आणि दोघांच्या मधली ती भिंगरी. लहानपणी एका जागी टेकायची नाही म्हणून भिंगरी. आता कानामागं केस पिकले तरी नाव तेच. पुस्तक निघालं की ते लोकांच्या कानावर घालायचं, लेखकाला चार माणसांपुढं उभं करायचं, हे काम तिचं. टेम्पो, टेबल आणि खुर्च्या हे माझं. मी त्यांचा मामा.

तर आमच्या घरात एक रीत होती. तिला आम्ही पेरणी म्हणायचो. कार्यक्रम असला की घरची माणसं हॉलमध्ये पेरायची. दोघांनी शेजारी बसायचं नाही. ओळख दाखवायची नाही. नवराबायको समोरासमोर आले तरी ‘इथं कुणी बसलंय का हो?’ असं विचारायचं. विनोद झाला की आपण आधी हसायचं नाही, बाहेरच्याचं हसू फुटायची वाट बघायची. नाहीच फुटलं तर थोरली सून खोकायची, म्हणजे सगळ्यांनी हसायचं. भाषण संपलं की पहिला प्रश्न आक्काचा, आणि तोही ठरलेला. ‘हे तुम्हाला सुचलं कसं?’ कवितेच्या पुस्तकाला तोच, मधमाश्यांच्या पुस्तकाला तोच. एकदा कर कसा भरावा त्या पुस्तकालाही तिनं तोच विचारला. लिहिणारा वकील भांबावून म्हणाला, ‘बाई, मला नाही सुचलं, सरकारला सुचलं.’

हसताय? हसा. पण आक्कानं ही रीत गंमत म्हणून नाही पाडली. दाजींनी अगदी पहिलं पुस्तक काढलं ते एका पोरसवदा कवीचं. हॉल घेतला, माइक लावला, आणि माणूसच नाही. वॉचमन होता, आणि उन्हाचं सावलीला शिरलेलं एक जोडपं. ते जोडपंही दुसऱ्या कवितेला उठलं. तो बिचारा रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवत राहिला. संपल्यावर कागदाची घडी केली आणि आक्काला म्हणाला, "वहिनी, उगाच तुम्हाला त्रास झाला." बस, एवढंच. पुन्हा त्यानं एक ओळ लिहिली नाही. दाजी त्याच्या घरी गेले, बोलावणं धाडलं, नाही म्हणजे नाही. आक्का तेव्हा म्हणाली, या घराचा लेखक परत लाकडाशी बोलणार नाही. तेव्हापासून पेरणी.

आता खरी गोष्ट.

मागल्या खोलीत आम्ही पुस्तकं बांधत होतो. एका बाईचं पुस्तक होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिचा जन्म गेलेला, आणि धुवायला आलेल्या कपड्यांच्या खिशांत काय काय सापडायचं ते तिनं लिहिलेलं. नर्सेसच्या खिशात, डॉक्टरांच्या खिशात, पेशंटच्या खिशात. मी फार वाचणारा नाही, चौथीतच शाळेनं आणि मी एकमेकांना नमस्कार केला. पण ते मी टेम्पोत बसून वाचलं आणि डिलिव्हरी चुकवली.

तर आक्का सुतळी बांधत होती, थोरली सून पत्ते चिकटवत होती, मालक टेबलाशी. आणि त्या दिवशी साहेब आलेला, कितीतरी दिवसांनी. दोघा भावांचं बोलणं बंद, पण बोलायचं तर असायचं. मग ते माझ्यामार्फत चालायचं.

"मामा, मालकांना सांगा," साहेब म्हणाला, "आमच्याकडं पब्लिसिटीचं वेगळं खातं आहे. पुस्तकं त्यांनी काढावीत, गाजवायचं आमच्यावर सोडावं."

मालक हाताच्या अंतरावर बसलेला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मामा, त्याला विचारा, मग भिंगरीचं काय?"

"तिला आमच्याकडं घेऊ."

"मी इथंच बसलेय," भिंगरी म्हणाली. "मला कोण कुणाकडं घेतंय? मी काय खोकं आहे?"

"राग मानू नको, भिंगरे," मालक म्हणाला. "मागच्या कार्यक्रमाला बाहेरचं माणूस कोण होतं, सांग."

भिंगरीनं पुढ्यातला गठ्ठा सरळ केला.

"माइकवाला," थोरली सून म्हणाली.

"तू चिकटव तुझे पत्ते," आक्का म्हणाली.

मालकाचा आवाज उतरला. "तो लेखक डोळे पुसत वाचकांचे आभार मानत होता. माझ्या मेव्हण्याला त्यानं सही दिली. ‘अनोळखी वाचकमित्रास’. मेव्हणा औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचत नाही! मला त्या माणसाच्या नजरेला नजर देता येईना. हे आता झेपत नाही मला. धाकटा म्हणतोय ते काय वाईट आहे?"

बघा कसं असतं. जे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते बहिणीच्या विरुद्ध एका बाजूला येऊन बसले. आणि ‘मामा, सांगा’ हे मध्येच कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. मला कळलं, कारण मला एकदम काम उरलं नाही.

भिंगरीच्या मनात तेव्हा काय होतं ते तिनं मला पुढं सांगितलं. ती म्हणाली, मामा, दादा बोलत होता त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आणि त्याचीच मला चीड आली. इतकी वर्षं मी दारोदार फिरते, पण माझ्या फिरण्यानं कुणी येतं की नाही, हे मला कधी कळलंच नाही. आईनं हॉल आधीच भरलेला असायचा.

ती उठून उभी राहिली. "पेरणी बंद करा," म्हणाली.

आक्काची सुतळी थांबली. "आणि त्या बाईला रिकाम्या खुर्च्यांपुढं उभी करणार तू?"

"एकदा. एकच कार्यक्रम माझ्या पद्धतीनं होऊ दे. घरातलं एक माणूस आत दिसायचं नाही. मामा खुर्च्यांसाठी, तेवढे चालतील."

"आणि हॉल नाही भरला तर?" मालक.

"तर हे काम मी सोडते. तुझ्या हातानं दे धाकट्याच्या खात्याला. मी हूं की चूं करणार नाही."

"बोललीस हं."

"बोलले."

साहेब उठला, तिच्याजवळ गेला. "ताई, उगाच हट्टाला पेटू नकोस. हे काम गेलं तर तू काय करशील? तुला दुसरं येतं काय?"

"म्हणून तर," ती म्हणाली.

मग एकेकाकडून वचन घेतलं तिनं. थोरली सून हसत म्हणाली, "माझं काय वन्सं, मला तेवढाच खोकल्याला आराम." मालकानं मान हलवली. आक्कानं नुसतं "बरं" म्हटलं. माझ्या बहिणीचं नुसतं ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखतो. त्यात बरं असं काही नसतं.

भिंगरी कामाला लागली. कशी, ते ऐका. वर्तमानपत्रवाल्यांनी लॉन्ड्रीबाईला दोन ओळीसुद्धा दिल्या नाहीत. मग ही गेली हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत. तिथल्या बायकांना बाईचं पुस्तक वाचून दाखवलं. त्या ऐकता ऐकता हसल्या, मग एक रडायला लागली, मग सगळ्याच. त्यानंतर भिंगरीनं छोट्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. पुस्तकातला एकच परिच्छेद, खाली कार्यक्रमाचा पत्ता. आणि त्या बायकांनी इस्त्री झालेल्या प्रत्येक गणवेशाच्या खिशात एक चिठ्ठी सारली. नर्स असो, वॉर्डबॉय असो, मोठा सर्जन असो. सकाळी कोट चढवला, खिशात हात घातला की हातात बाईचं पुस्तक. साहेबाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं असं कुणाला सुचणार नाही, मामा. आमच्याकडं कुणी लॉन्ड्रीत जात नाही."

पण चिठ्ठी वाचली म्हणजे माणूस येतोच असं नाही. भिंगरी रोज फाटकाशी उभी राहायची, ड्युटी बदलायच्या वेळेला. लोक म्हणायचे ‘येऊ की’. ‘येऊ की’चा अर्थ या धंद्यात काय असतो, ते पायताणं झिजवलेल्याला विचारा. तिची भूक गेली. थोरली सून डबा पाठवायची तो तसाच परत यायचा.

आणि तो परत आलेला डबा घरात सगळ्यांनी बघितला. इथंच घात झाला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी खुर्च्या लावून माइकच्या कोपऱ्यात उभा. हाच हॉल, हाच जिना. भिंगरी बाईला घेऊन बाजूच्या खोलीत. दार उघडल्यावर पहिलं कोण आलं? आक्का. गुडघे दाखवायला डॉक्टरकडं जाते म्हणाली होती. डोक्यावरून पदर, तोंड खाली घालून चौथ्या रांगेत बसली. मी जवळ गेलो तर म्हणते, "कोण हो तुम्ही?"

"आक्का, पोरीला शब्द दिलास ना?"

"मी एकटी आलेय. एकीनं काय बिघडतंय? ती बाई लाकडाशी बोलेल, आणि माझी पोर एका कोपऱ्यात उभी राहून बघेल. मी नाही बघू शकत. व्हा बाजूला, लोक बघतायत."

लोक कुठं होते? पण पाठोपाठ आले. थोरली सून आली. आई आजारी आहे म्हणून माहेरी गेली होती, ती त्या आजारी आईला आणि अख्ख्या माहेराला घेऊन आली, वर आळीतल्या चार बायका. मग मालकाचा मेव्हणा, आणि त्याच्या ऑफिसातले. मग आमची मंडळी, जी बहिणीकडं गेली होती, ती बहिणीसकट. माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, पंखा जरा इकडं फिरवता का?" म्हटलं, फिरवतो बाई. मग बाइंडर लोकांना घेऊन मालक स्वतः. आक्काला बघून दचकला, आक्का त्याला बघून दचकली, आणि दोघांनीही लगेच पेरणीचा चेहरा केला. प्रत्येकाला वाटलेलं, मी एकट्यानं शब्द मोडला तर कुठं आभाळ कोसळतंय. आणि प्रत्येकानं चार माणसं आणलेली, एकट्याचा काय उपयोग म्हणून. बघता बघता हॉल गच्च. नियमच असा होता की कुणी कुणाला ‘तू कसा काय?’ विचारू शकत नव्हतं.

सगळ्यात शेवटी खांबाआड एक माणूस येऊन बसला. टोपी कपाळावर ओढलेली. साहेब.

मी मनात म्हटलं, चला, जमली जत्रा. मी कुणाला उठवलं नाही. कुणाला उठवणार? सगळे पोरीच्या मायेनं आलेले.

मग जिन्यात पावलं वाजली. बरीच. मी दाराशी गेलो. हॉस्पिटलची ड्युटी सुटली होती. नर्सेस, वॉर्डबॉय, लॉन्ड्रीतल्या बायका, दमलेले पाय, हातात त्या चिठ्ठ्या. पहिली जी होती, चांगली जाडजूड सिस्टर, तिनं आत मान घातली.

"अगं बाई, फुल आहे हाऊस," म्हणाली. "दिवसभर उभीच आहे मी. आता इथंही उभी राहू होय?"

"चला, पुस्तक घेऊ कधीतरी," दुसरी म्हणाली. "बाईचं चांगलं झालं म्हणायचं. एवढी माणसं!"

आणि ती सगळी वळली. जिना उतरायला लागली.

तेवढ्यात भिंगरी बाईला घेऊन स्टेजवर आली. तिनं हॉल बघितला. त्या क्षणाचं ती मला म्हणाली, मामा, माझे पाय हलके झाले. भरलेला हॉल! माझ्या चिठ्ठ्यांनी भरलेला! बाई माझा हात दाबत होती. मग मी पहिल्या रांगेपासून एकेक तोंड बघत गेले.

मी लांबून तिचं तोंड बघत होतो. पहिल्या रांगेला हसत होतं. तिसऱ्या रांगेला हसू जागच्या जागी राहिलं. चौथ्या रांगेत आक्का. मग ती मागं मागं बघत गेली, पार खांबापर्यंत.

मी स्टेजच्या कडेला गेलो आणि हळूच म्हटलं, "पोरी, तुझी माणसं आली होती. हॉस्पिटलची. जागा नाही म्हणून चाललीत. स्टॉपवर बस येईल इतक्यात."

आता बघा, तिच्या हातात काय होतं. गप्प बसली असती तर जिंकली असती. मालक मान्य करणार होता, साहेब मान्य करणार होता. सगळ्यांच्या नजरेत एकच दिसत होतं, घे बये, भरला हॉल, तुझं काम तुझ्याकडं राहिलं. कुणी कधी ब्र काढला नसता. आम्ही सगळेच पेरणीतले पक्के.

ती माइकपाशी गेली. घसा खाकरला.

"एक विनंती आहे. या हॉलमध्ये जे कुणी माझ्या नात्यातले आहेत, किंवा त्यांनी आणलेले आहेत, त्यांनी उभं राहावं."

कुणी हललं नाही. इतक्या वर्षांची शिस्त, हॉलमध्ये कुणी कुणाचं नाही. थोरली सून सवयीनं खोकली, आणि दोनचार जण सवयीनं हसले. मग तेही थांबले.

लॉन्ड्रीबाई भिंगरीकडं बघत होती. तिला काही उलगडत नव्हतं.

"आई," भिंगरी माइकमध्ये म्हणाली. "ऊठ ना गं."

आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली. जी बाई जन्मभर या हॉलात कुणाचीच कुणी नव्हती, ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मी हिची आई." आणि मागं वळून दरडावली, "उठा रे सगळे. बघताय काय?"

मग उठले. मालक उठला, मेव्हणा उठला, माहेर उठलं, आमची मंडळी उठली, बाइंडर उठले. खुर्च्यांचा नुसता खडखडाट. खांबामागं टोपी उठली. रांगेमागून रांग. शेवटी बसलेला एकच म्हातारा राहिला. सगळे त्याच्याकडं बघायला लागल्यावर तो म्हणाला, "मी नात्यातला नाही हो. माझे पाय दुखतात म्हणून बसलोय."

बाईनं सगळ्यांकडं नजर फिरवली. बारीक अंगाची बाई, पण आवाज यंत्रांच्या घरघरीवर चढवून तयार झालेला. म्हणाली, "एवढी सगळी खोटी?"

आक्का म्हणाली, "खोटी नाही हो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"वॉर्डातल्या बाया असंच करायच्या," बाई म्हणाली. "घाण झालेली चादर बदलायची नाही, वरून दुसरी घालायची. मग आम्हाला दोन धुवाव्या लागायच्या." रागावली होती ती, आणि हक्कानं. मग भिंगरीकडं वळली. "आता बोलू कुणाशी?"

पुढचं मी ऐकलं नाही, कारण मी जिन्यात होतो. या वयात मी इतका कधी धावलो नव्हतो. स्टॉपवर बस लागलेली. मी ओरडत सुटलो, "अहो सिस्टर! जागा झाली! जागा झाली!" लोकांना वाटलं हॉस्पिटलात खाट मोकळी झाली. एक बस निघूनच गेली होती, तिच्यात निम्मी माणसं गेली. उरलेली माझ्याकडं बघत उभी. जाडजूड सिस्टर म्हणाली, "इतक्यात कशी झाली? माणसं उठवली काय?"

"उठली," मी म्हटलं. "आपण होऊन."

आली. सगळी नाही आली. अर्धा हॉल म्हणा, अर्ध्याला थोडा कमीच. ती वर चढत होती आणि आमचं घर खाली उतरत होतं, याच जिन्यात. एकमेकांना वाट देत. थोरली सून एका नर्सला म्हणाली, "तिसऱ्या रांगेत बसा, वारा चांगला येतो."

घरी कुणी गेलं नाही. सगळे या पायऱ्यांवर बसले. मालक बसला होता तिथं साहेब येऊन उभा राहिला, टोपी हातात. मी म्हटलं, आता परत ‘मामा, सांगा’ सुरू होणार. पण मालक म्हणाला, "बस की." साहेब बसला.

"तू कशाला आला होतास?" मालकानं विचारलं. "हॉल पडला असता तर तुझंच साधलं असतं."

"म्हणून तर आलो," साहेब म्हणाला.

मालकानं त्याच्या हातातली टोपी घेतली, उलटसुलट बघून परत दिली. मग म्हणाला, "मागं बसलास ते बरोबर केलंस. पुढच्या रांगेत तुझी ती टोपी चोरासारखी दिसली असती."

आत बाई बोलत होती. एका वॉर्डबॉयच्या खिशात रोज बडीशेप सापडायची, मग एक दिवस सापडली नाही, ते सांगत होती. आत हसत होते. थोरली सून खोकली नव्हती, तरी हसत होते. आक्का भिंतीला कान लावून ऐकत होती.

मग बाईचं बोलणं संपलं आणि भिंगरी म्हणाली, "कुणाला काही विचारायचंय?"

आणि शांतता.

तुम्ही अशी शांतता ऐकली नसेल. वाढतच जाते. आक्का माझा दंड धरून बसली. हीच ती शांतता, जिच्यासाठी तिनं जन्मभर तोच एक प्रश्न जपून ठेवला होता. ती उठायला लागली. मालकानं तिचा पदर धरला. "आई, नको."

"अरे कुणी विचारत नाहीये."

"विचारतील."

"नाही विचारलं तर?"

मालकानं पदर आणखी घट्ट धरला. आत भिंगरीनंही माइक बडवला नाही, ‘लाजू नका’ म्हटलं नाही. नुसती थांबली.

मग एक खुर्ची वाजली. पोरीसारखा आवाज होता, कुणी नवी नर्स असेल. म्हणाली, "बाई, खिशातलं जे परत कुणी मागायला आलं नाही, त्याचं तुम्ही काय केलंत?"

आणि बाई म्हणाली, "थांब, सांगते. हे मी पुस्तकात नाही लिहिलेलं."

आक्कानं माझा दंड सोडला. बोटांचे वळ उठले होते.

कार्यक्रम संपल्यावर माणसं उतरून गेली, सह्या घेऊन. मग भिंगरी जिन्यात आली. आम्ही सगळे शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे बसलेलो. ती थेट मालकासमोर उभी राहिली.

"दादा, शब्द तो शब्द. हॉल भरला नाही. अर्ध्याला कमी. काय ते सांगून टाक."

मालकानं साहेबाकडं बघितलं. साहेब टोपीशी चाळा करत होता, मान वर केली नाही. फक्त डोकं हलवलं, नाही म्हणून.

"पुढच्या वेळी हॉल लहान घे," मालक म्हणाला, आणि उठून खुर्च्या गोळा करायला आत गेला.

आक्काचं तसं नाही. ती पोरीला म्हणाली, "आणि ती बस सुटलीच असती तर? कुणीच वर आलं नसतं तर?"

"तर मी पहिल्या रांगेत जाऊन बसले असते, आई. बाईला सांगून, की आज मी एकटीच आहे."

"त्या कवीला मी असंच सांगायला हवं होतं म्हणतेस?"

भिंगरी पायरीवर तिच्या शेजारी बसली. आक्कानं तिचे केस मागं सारले, पुढं बराच वेळ सारत राहिली. आक्काला पटलं का, मला माहीत नाही. आजही विचारलं तर म्हणते, एकदा नशिबानं झालं.

तेव्हापासून भिंगरीचा नियम असा: बाहेरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारेपर्यंत घरच्यांनी आत पाऊल टाकायचं नाही. मग या, खुशाल बसा, पण नाव-नातं सांगून. आणि तिनं लहान हॉल काही घेतला नाही बरं का, हट्टी आहे. साहेब अजून त्या काचेच्या केबिनीतच आहे, पण कार्यक्रम असला की लवकर सुटतो. तो बघा, खालच्या पायरीवर, मालकाला खेटून बसलाय.

झालं वाटतं माइकवाल्याचं. आजचा लिहिणारा कवी आहे, पहिलंच पुस्तक. आत आताच डोकावून आलो, माणसं फार नाहीत. ही आक्का बघा, चढून आल्यापासून बोलली नाही कुणाशी. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, कुणी आणलेलेही नाही, तेव्हा तुम्हाला आत जायला कुणाची आडकाठी नाही. जा, बसा. तुम्हाला काही विचारा म्हणून मी सांगणार नाही हं, ती परत पेरणीच झाली. विचारावंसं वाटलं तर विचारा, नाही वाटलं तर गप्प बसा, ते तुमचं तुम्ही आणि तो कवी. माझं आपलं एकच मागणं आहे. आत जाताना दार तेवढं पुरतं लोटू नका. थोडी फट राहू द्या.